विमानातली आंघोळ: आईच्या पंचाहत्तरीचा मुंबई-दुबई-न्यूयॉर्क प्रवास

आईला पारोशाने खाल्लेलं चालत नाही. चहा चालतो, तोही एकच कप, पण आंघोळ आणि देवापुढे दोन मिनिटं हात जोडून झाल्याशिवाय घास तोंडात जात नाही. तापात असली तरी ओल्या फडक्याने अंग पुसून घेते, मगच पेज पिते. २०१६ मध्ये आम्ही दोघी दादाकडे, म्हणजे न्यू जर्सीत एडिसनला, इकॉनॉमीने गेलो होतो. मुंबईहून रात्री निघालो, युरोपात सकाळी विमान बदललं, पुढे आठ-नऊ तासांचा टप्पा, आणि सकाळ झाली म्हटल्यावर हिने खाणं बंद केलं ते थेट दादाच्या घरी आंघोळ होईपर्यंत. मी विनवण्या केल्या, रडले, काही उपयोग झाला नाही. इमिग्रेशनच्या रांगेत तिला घेरी आली आणि ती माझ्या बॅगेवर बसली, पाय सुजून टंब झाले होते, चप्पल चढत नव्हती. त्यानंतर आई अमेरिकेला नको म्हणायला लागली आणि आम्ही भावंडांनी पण तो विषय काढला नाही.

यंदा तिची पंचाहत्तरी. दादा म्हणाला की दिवाळीला तिला इकडे आण, नातवंडांना आजीच्या हातची दिवाळी बघू दे. तेव्हा धाकट्या भावाने शोधून काढलं की एमिरेट्स ह्या दुबईच्या कंपनीच्या ए-थ्री-एटी ह्या दुमजली विमानात फर्स्ट क्लासवाल्यांसाठी चक्क शॉवर असतो, गरम पाण्याचा, विमान उडत असताना. मला खरंच वाटेना. मग सगळं नीट वाचलं, फोन करून विचारलं, आणि कळलं की बिझनेस क्लासला ही सोय नाही, फक्त फर्स्टला, आणि तीसुद्धा फक्त ए-थ्री-एटीमध्येच, बाकीच्या विमानांत नाही. तिघांनी मिळून पैसे घातले. आकडा लिहीत नाही, लाखांत आहे आणि आमच्यासाठी मोठा आहे, म्हणून फक्त जातानाचं फर्स्ट आणि येतानाचं साधं. ज्यांना असं तिकीट काढायचंय त्यांनी प्रत्येक टप्प्याला विमान कुठलं आहे ते बघूनच काढा, कारण दुबई-न्यूयॉर्क सगळा खर्च शॉवरसाठी करायचा आणि विमान दुसरंच निघायचं असं व्हायला नको. शिवाय ही विमानं आता नवीन बनत नाहीत, एअरबसने २०२१ मध्ये शेवटचं ए-थ्री-एटी दिलं ते एमिरेट्सलाच. आई पंचाहत्तरची आणि विमानाचं उत्पादन बंद, म्हणून आम्ही म्हटलं की पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही.

दिवस पहिला: ठाणे, मुंबई, आणि मध्यरात्री दुबई

दसरा होऊन चार दिवस झाले होते. संध्याकाळी साडेपाचला दारात गाडी आली, ही गाडी पण तिकिटातच असते. ड्रायव्हरने आईची बॅग उचलली तेव्हा आई म्हणाली, जपून हो, भाजणी आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, उटण्याची पाकिटं, बेसनाचे लाडू, एवढं सगळं तिने भरलं होतं. निघायच्या आधी तिने परत आंघोळ केली, म्हणजे रात्रीच्या जेवणाचा प्रश्न मिटला.

मुंबई विमानतळाच्या टी-टूला, म्हणजे टर्मिनल दोनला, फर्स्टचं चेक-इन वेगळं, रांग नाही. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, व्हीलचेअर हजर. आईला व्हीलचेअरचा संकोच वाटतो, पण तिथे एवढं चालायचं असतं की गुडघे दुखणाऱ्या माणसाने संकोच बाजूला ठेवलेलाच बरा. ते पांढरे खांब वर जाऊन छताला मिळतात, मोराच्या पिसाऱ्यासारखे, ते ती मान वर करकरून बघत होती. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला तिने गाव विचारलं, तो चिपळूणचा निघाला, मग सिक्युरिटीपर्यंत त्या दोघांच्याच गप्पा. इथल्या लाउंजमध्ये आम्ही फार बसलो नाही. चहा घेतला, आईने घरचा चिवडा काढला.

दुबईपर्यंतचं विमान बोइंग ट्रिपल सेव्हन होतं, तीन तासांचा प्रवास. फर्स्टच्या आठ सीट, प्रत्येकीला सरकतं दार. आत बसल्या बसल्या खजूर आणि अरबी कॉफी आली, गहवा म्हणतात तिला, छोट्या बिनकानाच्या कपात. रंग फिकट सोनेरी, चवीला कडवट, पण वेलदोड्याचा वास असा सुटला होता की आईने एक घोट घेऊन कप नाकाजवळच धरून ठेवला. जेवणात एशियन व्हेज आधीच सांगून ठेवलं होतं. पण आईला भूक नव्हती, तिला दार उघडून बंद करून बघायचं होतं.

दुबईला उतरलो तेव्हा तिथले साडेअकरा वाजले होते, आपले एक. पुढचं विमान पहाटे तीनच्या सुमाराला. आणि इथे मला लाउंजबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण लाउंज म्हणजे फुकट बुफे आणि सोफे एवढंच माझ्या डोक्यात होतं.

टर्मिनल तीनचा कॉनकोर्स ए, म्हणजे विमानांची गेट असलेली इमारत, हा २०१३ मध्ये सुरू झाला आणि तो मुळातच ए-थ्री-एटी विमानांसाठी बांधलेला आहे. त्याच्या एका मजल्यावर फर्स्ट क्लासचं लाउंज, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, किती लांब सांगू, ठाण्याचा पंधरा डब्यांचा प्लॅटफॉर्म डोळ्यासमोर आणा. खाली गेटवर शेकडो माणसं आणि वर शांतता, मधेच कुठेतरी कारंज्याचा आवाज. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये सुद्धा एवढी मोकळी जागा बघायची सवय नाही. आई हळू आवाजात बोलायला लागली, देवळात बोलतो तसं.

जेवायला वेगळी जागा आहे, पांढरे टेबलक्लॉथ, मेनूकार्ड हातात. मी म्हटलं आई काय खाणार, तर म्हणे एवढ्या रात्री साधा वरणभात मिळाला तर बघ. वेटरला मी डाळ, भात, दही सांगितलं, तिखट नको म्हटलं. पंधरा मिनिटांत आलं. डाळीवर जिऱ्याची फोडणी होती, भात मोकळा होता, तिने नेहमीसारखा कालवून खाल्ला, आणि त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर कोणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. मी हमस आणि गरम पाव खाल्ला, आईने चव बघितली, हरभरा आहे यात, लसूण पण आहे, लिंबू पिळलंय असं एकेक बरोबर ओळखलं.

मग स्पा. फर्स्टच्या प्रवाशाला पंधरा मिनिटांचा मसाज तिकिटातच असतो. मी आईसाठी पायांचा सांगितला. आधी ती तयारच होईना. परक्या मुलीने माझ्या पायाला हात लावायचा, मला पाप लागेल, असं तिचं म्हणणं. ती मुलगी फिलिपिन्सची होती, विशी-पंचविशीची, तिला शब्द कळले नसतील पण बाकीचं कळलं असावं, तिने आईसमोर बसून आधी स्वतःचा हात आईच्या हातात दिला. तेल कोमट होतं. आईच्या टाचांना उभ्या भेगा आहेत, चाळीस वर्षं सांगलीच्या घरात शहाबादी फरशीवर अनवाणी वावरण्याच्या, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख विळीवरचा नारळ पडल्यापासून काळं आहे. त्या मुलीने त्या भेगांवरून अंगठा फिरवला, मग घोट्याभोवती, मग गुडघ्याच्या वाटीच्या खाली दाबून धरलं, आणि आईने डोळे मिटले. मी आयुष्यात आईचे पाय कोणी चेपताना पाहिले नव्हते. तिने आमच्या आजीचे चेपले, बाबांचे आजारपणात चेपले. तिचे कोणी चेपले? मी पण नाही. ते पंधरा मिनिटं मी बाजूच्या खुर्चीत बसून हेच बघत होते, फोन काढायचं पण सुचलं नाही. झाल्यावर आईने पर्समधून लाडवांची छोटी पिशवी काढून तिच्या हातात ठेवली, डोक्यावर हात ठेवला, औक्षवंत हो म्हणाली.

उरलेला तास आई आडव्या होणाऱ्या खुर्चीत पडून राहिली. पावणेदोनला लाउंजमधली मुलगी आम्हाला न्यायला आली. घोषणा ऐकत धावपळ करायची नाही, लाउंजमधूनच लिफ्टने खाली आणि थेट विमानाच्या वरच्या मजल्यात. गेटवरच्या रांगेचं तोंडही पाहिलं नाही. गुडघ्यांच्या दृष्टीने सांगते, सगळ्या प्रवासात जिना एकदाही लागला नाही.

दिवस दुसरा: चौदा तास, आणि आंघोळ

एमिरेट्सचं पहिलंवहिलं ए-थ्री-एटी १ ऑगस्ट २००८ ला ह्याच मार्गावर उडालं होतं, दुबई ते न्यूयॉर्क. वरच्या मजल्याच्या पुढच्या भागात फर्स्टच्या चौदा जागा, मागे बिझनेस, सगळ्यात शेवटी बार. अगदी पुढे नाकाशी दोन बाजूंना दोन शॉवर. आईला डावीकडची खिडकीची जागा घेतली होती, मी मधल्या रांगेत तिच्या शेजारी. बाबा एसटीत कंडक्टर होते, सुट्टीत आम्ही गावी जायचो तेव्हा ते आईसाठी ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरून ठेवायचे. मी आईला म्हटलं, तुझी खिडकी. ती काही बोलली नाही, काचेवर हात फिरवला.

सीट म्हणजे छोटी खोलीच, टेबल, आरसा, दिवा, बाजूला बटण दाबलं की वर येणारा छोटा बार, त्यातल्या पाण्याच्या बाटल्या आईने लगेच पर्समध्ये टाकल्या. रात्रीचे कपडे दिले ते आईने घडी मोडली नाही, सुनेला होतील म्हणून ठेवले. मी मात्र घातले, मऊ होते.

टेकऑफ कळलंच नाही, एवढं मोठं धूड, चार इंजिनं, आणि आत आवाज एखाद्या जुन्या फ्रिजएवढा. वर गेल्यावर विचारलं जेवणार का, इथे जेवणाची वेळ नसते, तुम्ही सांगाल तेव्हा. आई झोपायचं म्हणाली. हवाईसुंदरीने सीट आडवी केली, गादी घातली, चादर ताणून कोपरे खोचले, पांघरूण अर्धं दुमडून ठेवलं. आई उभी राहून बघत होती. तिच्यासाठी कोणी अंथरूण घालतंय. मग दार सरकवलं, छतावर बारीक चांदण्यांसारखे दिवे लागले आणि ती सात तास सलग झोपली. घरी ती रात्रीत तीनदा उठते.

मी तेवढ्यात कॅव्हिअर खाल्लं. माझं सासर मालवणचं, गाबोळी आम्ही तव्यावर तळून, तिखट-मीठ लावून खातो, त्यामुळे माशाची अंडी ह्यात मला नवल नव्हतं. पण ही थंडगार, काळे मोती, शिंपल्याच्या चमच्याने खायची, कारण धातूचा चमचा लागला की चव बिघडते म्हणतात. जिभेवर ठेवून टाळूला दाबलं की फुटतात आणि समुद्राचं खारं पाणी. चांगलं होतं, दोनदा घेतलं. तरी तळलेल्या गाबोळीची सर मला काही त्याला वाटली नाही. शँपेन एक ग्लास घेतली, डॉम पेरिन्यॉन, मग मीही झोपले.

जाग आली तेव्हा आई उठून बसलेली, नकाशा लावून. विमान अटलांटिक ओलांडत आलं होतं. तिने चहा मागवला होता, एकच कप. बाजूला मेनूकार्ड होतं ते उलटं ठेवलेलं. घड्याळ ती आपलंच ठेवते, त्यात दुपारचे पावणेतीन. मला २०१६ आठवलं आणि पोटात कालवलं. पण ह्या वेळी मी बसल्या बसल्याच शॉवरची वेळ लावून ठेवली होती, हे सगळ्यांना सांगते, विमानात शिरल्या शिरल्या सांगा, उतरायच्या आधीचे दोन-अडीच तास सगळ्यांनाच हवे असतात.

सव्वातीनला बोलवायला आले. खाली लॅब्राडोरचा समुद्र. आईचे गुडघे आणि हलणारं विमान म्हणून मी पण आत येऊ का विचारलं, हो म्हणाले. दार उघडलं तर आमच्या ठाण्याच्या बाथरूमपेक्षा मोठी खोली. लाकडी कपाट, बेसिन, बसायला बाक, पांढऱ्या टॉवेलांच्या घड्या, साबण-शांपू मांडून ठेवलेले. आणि जमीन गरम. आईने चप्पल काढली आणि पाय मागे घेतला, मग परत ठेवला, म्हणाली, अगं, चुलीपाशी बसल्यासारखं वाटतंय.

शॉवरमध्ये पाणी पाच मिनिटांचं मिळतं. मधे बंद करून परत चालू करता येतं, किती उरलंय ते दिव्याच्या पट्टीवर दिसतं, हिरवी, मग पिवळी, मग लाल. मला धास्ती होती की आई साबण लावत बसेल आणि पाणी संपेल. तिने विचारलं, पाच मिनिटं म्हणजे किती बादल्या? मी म्हटलं दोन तरी होतील. मग खूप झालं, म्हणाली, माझी एकच असते. उटण्याचं पाकीट पण तिने आणलं होतं, ते मात्र मी लावू दिलं नाही, नळी तुंबली तर काय घ्या. ती बाकाचा आधार धरून उभी राहिली, मी बाहेरून काच धरली. पाणी सुरू झालं आणि तिने नेहमीप्रमाणे नद्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, घरी बाथरूमच्या दाराआडून लहानपणापासून रोज ऐकलेला तो पुटपुटता आवाज, आणि खाली अडतीस हजार फुटांवर दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचं थंड पाणी. मला हुंदका आवरला नाही. पट्टी अजून हिरवी होती तेव्हाच तिने पाणी बंद केलं. झालं, म्हणाली. मी म्हटलं आई अजून आहे, घे ना. तर म्हणे दुसऱ्या कोणाला होईल.

साडी नेसणं हा पुढचा कार्यक्रम. इरकल आणली होती, निळी, लाल काठाची. एक हात भिंतीवरच्या दांडीला आणि एका हाताने निऱ्या, तेवढ्यात विमान जरासं हललं, दोघी बाकावर बसलो, मग परत उभ्या. पदर मी पिन केला. कुंकवाची डबी तिने बेसिनपाशी उघडली, आरशात बघून कुंकू लावलं, बाबा गेल्यावरही ती लावते, आम्हा तिघांचा तो आग्रह आहे. बाहेर शॉवरची व्यवस्था बघणारी मुलगी उभी होती, आईला पाहून तिने दोन्ही हात जोडले.

जागेवर आलो तर खिडकीतून मागच्या अंगाला तांबडं फुटलेलं. ढगांचा नुसता गालिचा, त्याच्या कडेला सूर्य अर्धा वर. आईने खिडकीकडे तोंड करून हात जोडले, डोळे मिटले, दोन मिनिटं नाही, चांगली पाच-सात मिनिटं. आणि मग मेनूकार्ड सुलटं केलं. पराठा, दही, पपईच्या फोडी, परत थोडा पराठा. एवढं पोटभर तिला प्रवासात खाताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

न्यूयॉर्कला नऊच्या आत उतरलो. जेएफके विमानतळाला टर्मिनल चार. इथे फर्स्ट क्लासचं कौतुक संपतं, इमिग्रेशनला सगळे सारखेच, मात्र व्हीलचेअर होती म्हणून लवकर पार पडलं. शेवटच्या दाराच्या अलीकडे आईने व्हीलचेअर थांबवली. मला चालत जाऊ दे, म्हणाली. दादा फुलं घेऊन उभा होता, गेल्या वेळेसारखी आई पांढरीफटक येईल ह्या तयारीने पाण्याची बाटली आणि ग्लुकोज पण घेऊन. निळ्या इरकलीत, कुंकू लावलेली आई चालत आली तेव्हा त्याला आधी ओळखूच आली नाही. मग तिथेच वाकून पाया पडला.

दिवस तिसरा: एडिसन

पहाटे चारला स्वयंपाकघरात खुडबुड. जेटलॅग. आईची आंघोळ झालेली, देवापुढे दिवा लावलेला, पोह्यांसाठी कांदा चिरत होती. नातू साडेसहाला उठून आला आणि आजी विमानात खरंच शॉवर होता का म्हणून तिच्या मागे लागला, मग तिने त्याला चिरत चिरत सगळं सांगितलं, हिरवा दिवा, पिवळा दिवा. लाल कसा असतो ते तिला सांगता आलं नाही, तिथवर ती गेलीच नव्हती.

दुपारी मिरजेच्या मावशीला फोन लावून दिला. मला वाटलं पलंगाबद्दल, चांदण्यांबद्दल, मसाजबद्दल सांगेल. आई म्हणाली, सुधे, या वेळी पारोशी नाही उतरले हो मी. पलीकडे मावशी थोडा वेळ गप्प. मग स्पीकरवर तिचा प्रश्न आला, अगं पण पाणी चांगलं कढत होतं का? आणि पुढचा अर्धा तास दोघी बहिणी फक्त पाण्याबद्दल बोलत होत्या.